रेणापूरहून तीन दिवस: काय करावे, काय टाळावे

जोडून तीन दिवस सुट्टी आली की लातूर जिल्ह्यातल्या गाड्या महाबळेश्वरला नाहीतर कोकणाला निघतात आणि निम्मी सुट्टी रस्त्यात जाते. रेणापूरला घर असलेल्या माणसाला सकाळी निघून मुक्कामाला घरी परत येता येईल एवढ्या टप्प्यात सहाव्या शतकातली लेणी आहेत, यादवकाळातली देवळे आहेत, भुईकोट आहेत. आपल्या पोरांनी अजिंठा सहलीत पाहिलेला असतो, खरोसा पाहिलेला नसतो. हे बदलायला हवे.

काय करावे

सुरुवात गावातूनच करावी. रेणुकादेवीचे देऊळ आपण नवरात्रात गर्दीत पाहतो, तेव्हा दर्शनापलीकडे काही दिसत नाही. एरवीच्या दिवशी सकाळी जाऊन तिथली हलती दीपमाळ निवांत पाहावी. मग तालुक्यातल्याच पानगावला जावे. तिथे विठ्ठलाचे जुने हेमाडपंती देऊळ आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी जतन केलेली चैत्यभूमीही आहे. एकाच गावात दोन्ही ठिकाणी डोके टेकवून यावे.

एका दिवसाला एकच दिशा धरावी. दक्षिणेला गेलात तर औशाचा भुईकोट, खरोशाची लेणी आणि वेळ उरला तर निलंगा. वायव्येला अंबाजोगाई. पश्चिमेला मुरूड-ढोकीवरून तेर.

खरोशाला उन्हे तिरपी असताना पोचावे. ही लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. वेरूळचा काळा पाषाण धार धरतो, जांभा धरत नाही. तो सच्छिद्र, पाणी पिणारा. त्यामुळे इथल्या मूर्तींचे नाक-डोळे झिजून गेलेत, आणि भरदुपारी आत शिरलेल्या माणसाला नुसते लालसर उंचवटे दिसतात. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात पाच मिनिटे एका जागी उभे राहा. आधी खांद्याची गोलाई दिसते, मग वाकलेला गुडघा, मग लक्षात येते की हा नरसिंह आहे. शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण असे एकेक ओळखत जाण्यात पोरेही रमतात. बॅटरी बरोबर असू द्यावी आणि ती समोरून न मारता कडेने धरावी.

निलंग्याच्या नीलकंठेश्वराला आतल्या दर्शनाइतकाच वेळ बाहेरच्या भिंतींना द्यावा. देवळाला तीन गाभारे आहेत. शिव, विष्णू आणि हरगौरी एकाच मंडपात भेटतात. याच तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा परतताना दोन्ही घ्यावे. जेवायला निलंगा राईस आहेच.

अंबाजोगाईला पूर्ण दिवस ठेवावा. योगेश्वरीचे दर्शन घेऊन लगेच गाडीत बसणारे लोक पाहिले की जीव हळहळतो. जयंती नदीकाठचा हत्तीखाना चालत जाऊन पाहावा. जमिनीत उतरून कोरलेले ते लेणे आहे, मोकळ्या चौकात दगडाचे हत्ती उभे आहेत आणि मागे खांबांचा मोठा मंडप. शिवाय सकळेश्वराचे बाराखांबी देऊळ, आणि मुकुंदराजांची समाधी म्हणून पूजली जाणारी डोंगरातली जागा. शके 1110 चा ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजांचा. दासोपंतही (1551–1615) याच गावी राहिले. कागद पुरला नाही म्हणून की काय, त्यांनी सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ हा वेदान्ताचा विषय लिहून काढला. ही पासोडी पाहायची इच्छा असेल तर आधी त्यांच्या देवघरी विचारून, सांगतील त्या वेळेला जावे.

तेरला गोरोबाकाकांच्या समाधीबरोबर त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ पाहावे; मागची बाजू चैत्यासारखी अर्धगोल आहे. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाने तेरचे जुने वैभव जपले आहे. हेच प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे. इथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या राखेतून निघाली.

संध्याकाळ लातूरच्या गंजगोलाईत घालवावी. मध्ये जगदंबेचे देऊळ आणि भोवती गोल बाजार. खरेदी नसली तरी एक फेरी मारावी, गावाची आखणी कशी करतात ते पायांना कळते.

काय टाळावे

उदगीर याच तीन दिवसांत कोंबू नये. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला जिथे नमवले, त्या किल्ल्याला धावती भेट शोभत नाही. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा, कंधारचा किल्ला आणि देगलूरजवळचे होट्टल यांसाठी पुढची सुट्टी राखावी.

तेर सोमवारी ठेवू नये; सरकारी संग्रहालये सहसा त्या दिवशी बंद असतात.

एप्रिल-मे टाळावा. तापलेल्या दगडावर अनवाणी देऊळ पाहणे होत नाही. दसऱ्यानंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात औशाच्या तटावर शेवाळ असते, तेव्हा पोरांना कडेला सोडू नये.

दीपमाळ हलते का हे बघायला धक्के मारू नयेत. जुनी पोथी, जुने कापड यांवर फ्लॅश मारू नये, हातही लावू नये. पानगावच्या चैत्यभूमीत रील काढू नये.

लेण्यात नाव कोरणाऱ्याला गप्प बसून पाहू नये. जांभा सहज खरवडला जातो, आणि एकदा गेलेला चेहरा परत येत नाही.

‘वेरूळपुढे हे काहीच नाही’ असे पोरांसमोर बोलू नये. त्यांची नजर तिथेच मरते.

आणि एक, प्रवासाबाहेरचे. आपल्याकडे विहीर खोदताना, शेत नांगरताना कोरीव दगड निघतात. त्यांना ऑइलपेंट फासून पारावर बसवू नये, सिमेंटात चिणू नये, कुणाला विकू तर मुळीच नये. आहे त्या जागी फोटो काढावा आणि तलाठी किंवा तहसीलदारांना लेखी कळवावे. तुमच्या शिवारात असा दगड पडून असेल तर या सुट्टीतला पहिला अर्धा दिवस त्यालाच द्या.