झाडावरून पतंगाची ओळख

पावसाळ्याच्या आरंभीं विदर्भांतील ऐनाच्या रानालगत दिवा लावून बसलें असतां कधीं कधीं तळहाताएवढे दोन पतंग भिंतीवर येऊन बसतात. एक तांबूस, दुसरा पिवळसर. आम्ही त्यांस सहजच दोन निराळ्या जाती समजतों. पण ते दोन्ही टसर रेशमाचेच पतंग होत. तांबूस रंगाचा व रुंद, पिसासारख्या मिशांचा तो नर. पिवळसर किंवा करडी, जड पोटाची व अरुंद मिशांची ती मादी. उलट आसामांतील मुगा रेशमाचा पतंग टसराशेजारीं ठेवल्यास आम्ही दोन्ही एकच म्हणूं, व पुन्हा चुकूं.

मग ओळखावें कसें? दोघांच्याही प्रत्येक पंखावर डोळ्यासारखा वाटोळा ठिपका असतो. टसराच्या ठिपक्यांत अभ्रकासारखी पारदर्शक खिडकी मोठी असते. मुग्याची लहान असते. परंतु पंख फाटले म्हणजे ही खूण जाते. शिवाय पतंग कांहींच खात नाहीं. त्याचें तोंड निकामी असून तो थोडेच दिवस जगतो. म्हणून त्याच्या बालपणाची चौकशी करावी. टसराची हिरवी अळी ऐन, अर्जुन व पूर्वेकडील रानांत साल यांचा पाला खाते. मुग्याची अळी मुख्यतः सोम व सोआलू या, दालचिनीच्या कुळांतील, झाडांवर वाढते.

कोसलाही साक्ष देतो. टसराचा टणक कोसला मजबूत दांड्यानें फांदीस लटकतो व दांड्याचें टोंक फांदीभोंवतीं आंगठीसारखें वळलेलें असतें. मुग्याच्या कोसल्यास असा दांडा नसतो.

तथापि एकाच साक्षीवर निकाल देऊं नये. ऐनावर एक व अर्जुनावर दुसरी अळी सांपडली, म्हणून जाती दोन होत नाहींत. पंख, मिशा, कोसला व झाड या चौघांचें म्हणणें जुळलें, तरच नांव निश्चित करावें.

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. गडचिरोली व भंडारा जिल्ह्यांतील ढीवर कुटुंबें रानांतील ऐनावर या अळ्या सोडतात व पक्ष्यांपासून त्यांची राखण करतात. ऐन तुटला, कीं त्यांची मजुरीही बुडते. म्हणून विद्यार्थिबंधूंस आमची सूचना अशी, कीं अळी सांपडल्यास पाल्यासह आणावी, आणि संग्रहाच्या चिठ्ठीवर पतंगाच्या नांवाखालीं झाडाचें नांव लिहिण्यास विसरूं नये.