डॉ. जयंत नारळीकर आणि पडताळणीची कसोटी

दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटला. मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. तेव्हा खगोलशास्त्रावर लिहिण्याचा हिला अधिकार काय, असे कोणी विचारल्यास ते वावगे ठरणार नाही. परंतु 'आकाशाशी जडले नाते' हे डॉ. जयंत नारळीकरांचे पुस्तक ग्रंथालयात हाती आले. ते मराठीत होते, म्हणूनच आमच्या घरात प्रथमच कॉलेजात आलेल्या माझ्यासारखीला विश्वाचा विचार करता आला.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. तेथून १९५७ मध्ये पदवी घेऊन जयंतराव केंब्रिजला गेले व तेथे त्यांना फ्रेड हॉईल यांच्यासारखे गुरू लाभले.

विश्व प्रसरण पावत आहे, हे १९२९ मध्ये एडविन हबल यांच्या निरीक्षणांनी दाखवून दिले होते. मग प्रारंभी सारे एकत्र होते काय? महास्फोटाचा सिद्धांत 'होय' म्हणतो. हॉईल, बाँडी व गोल्ड यांनी १९४८ मध्ये वेगळे मत मांडले. विश्वाला आदि नाही, अंतही नाही. दीर्घिका दूर जातात तसतसे नवे द्रव्य निर्माण होते आणि विश्वाचे रूप कायम राहते. हाच स्थिर स्थितीचा सिद्धांत. नारळीकरांनी त्याला गणिताची बैठक देण्याचे मोठे काम केले. १९६४ मध्ये हॉईल व नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. एखाद्या वस्तूचे जडत्व हा तिचा एकटीचा गुण नसून विश्वातील इतर सर्व द्रव्याशी असलेल्या संबंधातून तो येतो, असा त्याचा गाभा होय. पुढल्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले.

मात्र त्याच १९६५ साली पेन्झियास व विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो महास्फोटाचा पुरावा मानला. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉईल व बर्बिज यांच्यासह आपल्या सिद्धांताचे सुधारित रूप मांडले, पण बहुमत अखेरपर्यंत त्यांच्या बाजूला आले नाही. मग त्यांचे योगदान कोणते? माझ्या अल्पमतीला वाटते ते असे : त्यांनी प्रचलित मताला प्रश्न विचारले, आणि आपले मतही निरीक्षणाने खोडता येईल अशा रीतीने मांडले. पुण्यात १९८८ मध्ये 'आयुका' ही संस्था उभारून त्यांनी विद्यापीठांतील तरुणांना अशाच संशोधनाची वाट खुली केली.

हीच कसोटी त्यांनी फलज्योतिषालाही लावली. २००८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातील ते सांगितले. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून छापा-काटा केला असता तरी सुमारे पन्नास टक्के आली असती!

हा भाग मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. त्याला कारण होते. पत्रिकेत मंगळ म्हणून ताईची दोन स्थळे परत गेली आहेत. आई म्हणाली, "अगं, चंद्र एवढा समुद्र हलवतो, मग मंगळ माणसाला का नाही हलवणार?"

क्षणभर मी निरुत्तर झाले. मग अर्नाळ्याचा किनारा आठवला. माझे वडील मासेमारी करतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हा हिशेब त्यांना पाठ आहे. तो चुकला तर होडी रेतीत रुतते, म्हणजे त्याची परीक्षा रोज होते. मंगळाच्या हिशेबाची अशी परीक्षा आमच्या घरी कोणी कधी घेतलीच नव्हती. नारळीकरांनी पत्रिकेची परीक्षा घेतली आणि ती नापास झाली. मी हे सांगितले तेव्हा आई गप्प राहिली. वडील जाळे विणता विणता एवढेच म्हणाले, "पुढल्या स्थळाला पत्रिका द्यायची का नाय, ते तिलाच विचारा." ताईला असे विचारण्याची ती पहिलीच वेळ.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. विश्वाला आरंभ होता की नाही, याचा निवाडा करण्याची माझी योग्यता नाही. परंतु "हे कशावरून?" असे विचारायला पदवी लागत नाही, एवढे मी त्यांच्याकडून शिकले. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हा प्रश्न आपण वर्गात जरूर विचारावा. घरी तो विचारणे अधिक अवघड आहे, आणि म्हणूनच अधिक गरजेचे.