एका शब्दाचा निवाडा

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात राजूर नावाचे गाव आहे. चुन्याच्या भट्ट्या व दगडी कोळसा यांमुळे ते त्या भागात परिचित आहे. तेथील एका शाळेच्या अंगणात कडुलिंबाचा जुना वृक्ष होता. शाळेस नवी वर्गखोली हवी होती आणि वृक्ष नेमका त्याच जागेत उभा होता. तो तोडावा की राखावा, या विषयावर सातवीच्या मुलांनी शनिवारी वादसभा भरविण्याचे ठरविले.

वसंताचा थोरला भाऊ नागपूर येथे कायद्याचा अभ्यास करीत होता. वसंताने त्यास सर्व हकीकत कळविली. दादाचे एका ओळीचे उत्तर आले, "तुमचा प्रश्न मूट आहे."

या एका शब्दाने वर्गात दोन तट पडले. सुलभेने एक इंग्रजी कोश उघडला. त्यात अर्थ होता, 'ज्याविषयी दोन्ही बाजूंनी वाद करता येईल असा.' ती म्हणाली, "म्हणजे सभा भरलीच पाहिजे!" वसंताने दुसरा कोश पाहिला. त्यात अर्थ होता, 'ज्याचा निर्णय करण्याचे आता प्रयोजन उरले नाही असा.' त्याचा चेहरा उतरला. "झाड तोडायचे ठरलेले दिसते. मग सभा कशाला भरवायची?" तो म्हणाला. अखेर दोघांनी गुरुजींना गाठले.

गुरुजी हसून म्हणाले, "भांडू नका. दोन्ही कोश खरे आहेत. हा शब्द फार दूरचा प्रवास करून आला आहे, एवढेच."

मग गुरुजींनी त्या प्रवासाची कथा सांगितली. सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये 'मूट' म्हणजे लोकांची सभा. गावोगावचे लोक एकत्र जमत आणि तंट्यांचा निवाडा करीत. आपण ज्यास 'मीटिंग' म्हणतो, तो शब्द व 'मूट' हा शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत. सभेत वाद होई. म्हणून पुढे वाद करणे यासही लोक 'मूट' म्हणू लागले. सोळाव्या शतकात लंडनमधील वकिलांच्या संस्थांत विद्यार्थी काल्पनिक खटले मांडीत व दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करीत. त्या अभ्यासाचे नावही 'मूट' असेच होते. अशा संस्थांपैकी 'ग्रेज इन' या संस्थेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1922 साली बॅरिस्टर झाले. आपल्याकडील विधी महाविद्यालयांतही विद्यार्थी असे अभिरूप न्यायालय भरवितात.

"पण काल्पनिक खटल्याचा निकाल कोणास लागू होतो?" गुरुजींनी विचारले.

"कोणासही नाही," सुलभा म्हणाली.

"बरोबर! येथेच शब्दाने वळण घेतले. ज्याच्या निकालाने प्रत्यक्षात काही घडत नाही, असा प्रश्न म्हणजे 'मूट', असा अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला."

गुरुजींनी एक खरा खटला सांगितला. मार्को डीफ्युनिस नावाच्या विद्यार्थ्यास वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने 1971 साली प्रवेश नाकारला. तो न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयाच्या आदेशाने त्यास प्रवेश मिळाला, परंतु खटला वर चालूच राहिला. 1974 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, तेव्हा त्याचे शिक्षण शेवटच्या सत्रात आले होते. प्रवेश योग्य की अयोग्य, याचा निकाल काहीही लागला तरी त्याचे शिक्षण पूर्ण होणारच होते. म्हणून नऊपैकी पाच न्यायाधीशांनी ठरविले, की हा प्रश्न आता 'मूट' झाला आहे. त्याचा निकाल देण्याचे कारण नाही.

"इंग्रजी भाषा मोठी विचित्र!" वसंत म्हणाला.

"आपली मराठी तरी कोठे निराळी आहे?" गुरुजी म्हणाले. "मराठ्यांच्या राज्यात वतनाचा तंटा झाला, की गोतसभा बसे. तिच्या निवाड्याच्या कागदास 'महजर' म्हणत. पाटील त्यावर नांगराची निशाणी करी. बलुतेदार आपापल्या हत्यारांची. हा शब्द अरबीतून आला. 'हजर' आणि 'हजेरी' त्याचेच भाऊबंद आहेत. हजर असलेल्यांच्या सभेचे नाव त्या सभेतील कागदास मिळाले. आणि 'वाद' हा शब्द पाहा. न्यायशास्त्रात सत्य शोधण्यासाठी केलेल्या चर्चेस वाद म्हणतात. घरी मात्र आई 'वाद घालू नकोस' म्हणते, तेव्हा तिला भांडण अभिप्रेत असते. न्यायालयात दावा लावणारा तो वादी. शब्द एकच, तो कोण, कोठे, कशासाठी वापरतो, हे पाहिल्यावाचून अर्थ हाती येत नाही."

"मग दादाच्या मनात कोणता अर्थ असेल?" वसंताने विचारले.

"ते दादालाच विचार. जो बोलला, त्यास विचारण्यात कमीपणा नाही." गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिले. कडुलिंबाची सावली अंगणभर पसरली होती. "मला एवढे ठाऊक आहे, की वृक्ष उभा आहे तोवर तुमचा प्रश्न जुन्या अर्थाने मूट आहे. कुऱ्हाड पडली, की तो नव्या अर्थाने मूट होईल. मग कितीही उत्तम भाषणे केलीत, तरी सावली परत येणार नाही."

त्याच सायंकाळी दादाचा खुलासा आला, "जुन्या अर्थाने."

सभा शनिवारी भरावयाची होती. मुलांनी ती दुसऱ्याच दिवशी भरविली.

स्वाध्याय
1. दादाच्या उत्तराचे सुलभेने व वसंताने कोणते निरनिराळे अर्थ लावले?
2. 'मूट' आणि 'महजर' या शब्दांच्या कथांत कोणते साम्य आढळते?
3. 'वाद' हा शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी तीन वाक्यांत योजा.
4. वृक्ष तोडावा की राखावा? दोन्ही बाजूंनी पाच-पाच वाक्ये लिहा.