पूर ओसरल्यावर बचाव नौकेची निगा

पैनगंगेच्या एका तीरावर आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ, बेला, भीमपूर ही मंडले, तर पलीकडे महाराष्ट्रातील यवतमाळ व चंद्रपूर जिल्हे आहेत. याच खोऱ्यातील महागाव तालुक्यात जुलै 2023 मध्ये आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावे लागले. अशा प्रसंगी यांत्रिक नौकेची आठवण होते. दसऱ्यानंतर मात्र तिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही.

थंड देशांत नौकेच्या इंजिनात उरलेले पाणी गोठते व धातूला तडा जातो. आदिलाबादची थंडी प्रसिद्ध असली तरी येथे ते भय नाही. येथील खरा शत्रू शिळे पेट्रोल होय. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि पाणी फार झाले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी साचते. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे चिकट गाळाने बुजतात ती निराळीच.

म्हणून इंजिनाचा खालचा भाग स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवून, गिअर न टाकता, ते उघड्या जागी सुमारे दहा मिनिटे चालवावे. पुराबरोबर आलेला काळ्या मातीचा गाळ यामुळे धुऊन निघतो. नंतर पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. पाण्याबाहेर ते क्षणभरही चालवू नये. पाणी खेचणारे रबरी चक्र जळते. मग प्लग काढून त्या छिद्रातून थोडे तेल सोडावे व दोरी हळू ओढून ते आत पसरू द्यावे. गिअरचे तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले असे समजावे आणि कारागिराकडून सील बदलून घ्यावे. पंख्यात गुंतलेली जाळ्याची दोरी हे त्याचे नेहमीचे कारण. इंजिन उभेच ठेवावे.

रबरी नौका सौम्य साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी, टॅल्कम पावडर लावावी आणि अर्धवट हवा भरून ठेवावी. धान्याच्या गोदामात ती ठेवणे म्हणजे उंदरांना आमंत्रण! बॅटरी काढून दरमहा चार्ज करावी. उरलेले पेट्रोल नौकेजवळ साठवू नये.

मे महिन्याच्या अखेरीस ताजे पेट्रोल भरून, पिंपातच, इंजिन एकदा चालवून पाहावे. दोष आढळला तर सुटे भाग मागविण्यास पावसापूर्वी थोडे दिवस हाती राहतात.