पेट्रापोलला ट्रकचा धूर मोजायचा, तर खर्च किती?

नाशिकचा कांदा बांगलादेशात जातो तेव्हा बऱ्याच ट्रकना पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलला थांबावं लागतं. देशातलं हे सर्वांत मोठं भूबंदर, पलीकडे बेनापोल. रांग लांबली की चालक तिथेच स्वयंपाक करतो, केबिनमध्येच झोपतो, आणि चारी बाजूंच्या डिझेलचा धूर घेत राहतो. ती हवा मोजून घेणं हे वाहतूकदार संघटनांचं कामच आहे. खालचे दर अंदाजे आहेत, कोटेशन मागवाच.

सरकारी दर्जाचं स्वयंचलित केंद्र एक कोटीच्या घरात जातं. तो विचार सोडा. सूक्ष्म कणांचा सेन्सर जोडून घेतला तर चार-पाच हजारांत होतो, तयार उपकरण वीस-पंचवीस हजारांना पडतं. बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. हा सेन्सर प्रकाशाच्या झोतात कण पाहतो, आणि ताज्या डिझेल धुरातले बहुसंख्य कण 0.3 मायक्रॉनहून बारीक असल्याने त्याला दिसतच नाहीत. उलट बंगालच्या दमट हवेत पाणी शोषून फुगलेले कण आकडा चढवतात.

म्हणून पहिला खर्च डिझेलच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड मोजणाऱ्या डिफ्यूजन ट्यूबवर, म्हणजे एका साध्या नळीवर करा. वीज लागत नाही. खांबाला बांधायची, दोन ते चार आठवड्यांनी प्रयोगशाळेत पाठवायची. ब्रिटनच्या नगरपालिका वर्षानुवर्षं हेच करतात. विश्लेषणासह एका नळीला पाचशे ते हजार रुपये धरा, कुरिअर वेगळं. एकाच जागी सगळ्या लावू नका: काही रांगेलगत, काही वस्तीत, काही रस्त्यापासून दूर शेतात, आणि एक तुलनेसाठी न उघडता तशीच ठेवा. आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 10. महिन्याभराच्या एका आकड्यावरून मर्यादा ओलांडली असं म्हणता येत नाही; वर्षभर नळ्या बदलत राहाव्या लागतात.

काजळी थेट मोजणारं एथॅलोमीटर वीस लाखांच्या पुढे. ते विकत घेऊ नका, एखाद्या संशोधन संस्थेला सोबत घ्या.

बंदराच्या आवारात भूबंदर प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही बसवू नका. बाहेरच्या पार्किंगलगतचं ढाब्याचं छप्पर पुरतं. सेन्सर घेतलाच असेल, तर ईद आणि दुर्गापूजेच्या सुट्टीत तो चालू ठेवा. तेव्हा मालवाहतूक बंद असते. ट्रक नसतानाची हवा मोजायला वेगळा पैसा लागत नाही.