जुन्या नोंदींचे नव्या प्रणालीत स्थलांतर : एक अभ्यास

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात नवे विभाग, नवी यंत्रसामग्री आणि शस्त्रक्रियांची आकडेवारी यांना अग्रस्थान मिळणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याचे छायाचित्र काढता येत नाही आणि ज्याच्या उद्घाटनाची फीत कापली जात नाही, असेही एक काम रुग्णालयात चालू असते. जुन्या संगणकांतील व नोंदवह्यांतील माहिती नव्या एकात्मिक प्रणालीत नेणे, हे ते काम होय. देणगीदारांचा पैसा त्यात खर्च होतो आणि रुग्णाच्या सुरक्षिततेशी त्याचा थेट संबंध येतो. म्हणून त्याचे स्वरूप काहीशा विस्ताराने मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जुनी व्यवस्था

धर्मादाय रुग्णालयात संगणक सहसा एकदम येत नाही. तो खात्याखात्याने येतो. प्रथम लेखा विभागात, मग औषधभांडारात, पुढे केसपेपरच्या खिडकीवर आणि प्रयोगशाळेत, असा त्याचा प्रवास होतो. प्रत्येक खाते आपापल्या गरजेपुरती प्रणाली करून घेते. १९९० च्या दशकात अशा अनेक प्रणाली फॉक्सप्रो व तत्सम साधनांत लिहिल्या गेल्या. त्यांनी वर्षानुवर्षे इमानाने काम केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तथापि व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची मुख्य आवृत्ती २००४ साली निघाली. पुढील आवृत्ती काढणार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने २००७ साली जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये तिला दिले जाणारे साहाय्यही संपले. त्यानंतर अशा प्रणालींवर विसंबून राहणे म्हणजे सुटे भाग मिळेनासे झालेल्या यंत्रावर रुग्ण ठेवण्यासारखे आहे.

नवी एकात्मिक प्रणाली, जिला व्यवसायजगतात 'ईआरपी' म्हणतात, नोंदणी, औषधे, तपासण्या, बिले, भांडार आणि हिशेब या सर्वांचा एकच साठा ठेवते. एक रुग्ण, एक क्रमांक, एक नोंद, हे तिचे तत्त्व. तत्त्व सोपे आहे. कठीण आहे ते जुन्यातून नव्याकडे जाणे.

घर बदलताना सामान भरावे, तितकेच हे काम असावे असा समज असतो. परंतु जुन्या घरातील फडताळात डब्यांवर नावे नसली, तरी कोणत्या डब्यात काय आहे हे घरच्या माणसाला ठाऊक असते. घर बदलले आणि स्वयंपाक दुसऱ्याच्या हाती गेला, की मीठ-साखरेची गल्लत व्हायला वेळ लागत नाही. जुन्या नोंदींचेही तसेच आहे. अक्षरे व आकडे यंत्र हलवू शकते. त्यांचा अर्थ मात्र ती नोंद करणाऱ्या माणसांपाशी असतो. तो अर्थ विचारून, लिहून आणि पडताळून बरोबर नेणे, हेच स्थलांतराचे खरे काम आहे.

रिकाम्या रकान्याचा अर्थ

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण औषधाच्या ॲलर्जीचे. जुन्या प्रणालीत ॲलर्जीचा रकाना रिकामा असेल, तर त्याचे तीन अर्थ संभवतात : रुग्णाला ॲलर्जी नाही, रुग्णाला कोणी विचारलेच नाही, किंवा विचारले, पण उत्तर शेऱ्याच्या रकान्यात लिहिले गेले. नव्या प्रणालीत हा रकाना भरणे सक्तीचे असते. अशा वेळी काम लवकर उरकावे म्हणून सर्व रिकाम्या जागी 'नाही' भरून टाकण्याचा मोह होतो. तसे केल्यास पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाच्या नावापुढे संगणक ठामपणे 'नाही' दाखवील आणि डॉक्टर त्यावर विश्वास ठेवतील. अज्ञान कागदावर होते तोवर ते अज्ञान म्हणून दिसत होते. संगणकात शिरताच ते ज्ञानाचा वेश घेईल. म्हणून 'आहे' आणि 'नाही' यांच्या जोडीला 'माहीत नाही' हे तिसरे उत्तर नव्या प्रणालीत असलेच पाहिजे, आणि असा रुग्ण पुन्हा येताच परिचारिकेने तो प्रश्न त्याला विचारला पाहिजे, असा नियम आम्ही केला आहे.

हाच विचार लहानशा आडव्या रेघेलाही लागू पडतो. रक्तगटापुढील रेघ म्हणजे 'निगेटिव्ह'; पण तपासणीच्या निष्कर्षाच्या जागी ओढलेली रेघ 'तपासणी केली नाही' एवढेच सांगत असू शकते. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही रेघा सारख्याच. म्हणून रक्तगटासारखी माहिती जुन्या नोंदीवरून केवळ सूचनेदाखल घ्यावी आणि रक्त चढवण्यापूर्वीची तपासणी नेहमीप्रमाणे नव्यानेच करावी, हे पथ्य अटळ आहे.

नाव, वय आणि जन्मतारीख

एकाच रुग्णाच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र आणताना नावाचा आधार घ्यावा लागतो आणि तो किती डळमळीत आहे हे लगेच कळते. 'सुनीता' आणि 'सुनिता' ही एकच व्यक्ती असू शकते. विवाहापूर्वी माहेरच्या नावाने केसपेपर काढलेली मुलगी प्रसूतीसाठी येते, तेव्हा तिचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदललेले असते. उलटपक्षी एकाच गावात एकाच नावाचे दोन गृहस्थ असणे मुळीच दुर्मीळ नाही.

जन्मतारखेने हा प्रश्न सुटेल असे वाटते. परंतु आपल्याकडील कित्येक ज्येष्ठांची जन्मतारीख १ जून अशी नोंदलेली असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती सोयीने लिहिली. नाव तेच, तारीख १ जून, आणि तरी माणसे दोन, असे घडू शकते. जुन्या केसपेपरवर तर बहुधा वयच असे. 'वय ४५' ही नोंद ज्या दिवशी केली त्या दिवसापुरतीच खरी असते. ती नेताना भेटीची तारीख सोबत घेऊन अंदाजे जन्मवर्ष काढावे लागते आणि त्यावर 'अंदाजे' अशी खूणही ठेवावी लागते.

दोन नोंदी चुकून वेगळ्या राहिल्या तर गैरसोय होते. दोन माणसांच्या नोंदी चुकून एक झाल्या तर एकाचे औषध दुसऱ्याला जाऊ शकते. म्हणून शंका असेल तेथे जोडू नये, हे आमचे धोरण आहे. संगणकाने जोड्या सुचवाव्यात. निर्णय माणसाने कागद पाहून घ्यावा.

पुसल्या न गेलेल्या नोंदी आणि लिपीची अडचण

जुन्या प्रणालींच्या काही सवयी बाहेरून दिसत नाहीत. फॉक्सप्रोमध्ये नोंद रद्द केली तरी ती लगेच नाहीशी होत नाही. तिच्यावर रद्द झाल्याची खूण तेवढी पडते, आणि 'पॅक' ही आज्ञा दिल्यावरच ती खरोखर जाते. ही खूण न पाहता धारिका वाचली, तर रद्द केलेली बिले पुन्हा जिवंत होतात. मधल्या टप्प्यावर माहिती एक्सेलमध्ये उघडली, तर '००४५२१' या क्रमांकातील पुढची शून्ये गळून पडू शकतात, आणि '०५/०७' ही तारीख ५ जुलै समजावी की ७ मे, हे त्या संगणकाच्या मांडणीवर ठरते.

मराठी मजकुराची अडचण याहून निराळी. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी टंक आपापले संकेत वापरत. 'किरण' या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी अशा अनेक टंकांत 'क'च्या आधी साठवली जाई, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती 'क'नंतर येते, कारण ती नंतर उच्चारली जाते. 'कर्वे'मधील रफाराची गत नेमकी उलटी. त्यामुळे रूपांतर करताना अक्षरांचा क्रमही फिरवावा लागतो. युनिकोडमध्ये आल्यावरही प्रश्न संपत नाही. 'कऱ्हाडे' या आडनावातील 'ऱ्ह' दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणक त्यांना दोन आडनावे मानू शकतो. अशा रुग्णाला खिडकीवर 'आपली नोंद सापडत नाही' असे सांगितले जाते, आणि चूक त्याची नसते.

देणगीदाराचा शब्द

हिशेबाच्या स्थलांतरात बेरजा जुळल्या की काम झाले असे मानण्याची चाल आहे. विश्वस्त संस्थेला ते पुरेसे नाही. समजा, एका कुटुंबाने मातुःश्रींच्या स्मरणार्थ निधी दिला आणि अट घातली, की मुद्दल कायम ठेवून केवळ व्याजातून बालरुग्ण विभागातील एक खाट चालवावी. जुन्या खतावणीत रक्कम रकमेच्या रकान्यात असते. अट मात्र तपशिलाच्या ओळीत, किंवा फायलीत लावलेल्या पत्रात. नव्या प्रणालीत फक्त रक्कम गेली, तर ताळेबंद पैशापैशाने जुळेल आणि दिलेला शब्द मात्र हरवेल. काही वर्षांनी कोणी सद्हेतूनेच ते मुद्दल खर्च करील. म्हणून प्रत्येक निधीच्या खात्याशी त्याची अट आणि मूळ पत्राची प्रत जोडल्याखेरीज ते खाते स्थलांतरित झाले असे आम्ही मानत नाही.

कायद्याची बाजूही येथे येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली जी योजना लागू केली, तिच्याप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात. तसेच इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवावयाची असते. हा निधी सर्वसाधारण उत्पन्नात मिसळला जाऊ नये, यासाठी स्थलांतराच्या दिवशीची त्याची शिल्लक स्वतंत्रपणे तपासून घेणे आवश्यक ठरते.

कामाची रीत

या अनुभवातून जी रीत ठरली, ती थोडक्यात अशी. आधी सर्व जुन्या धारिका व नोंदवह्यांची यादी करावी. मग प्रत्येक रकान्याचा अर्थ ती नोंद करणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्यांना विचारून लिहून ठेवावा; ही मंडळी निवृत्त होण्यापूर्वी हे काम उरकणे श्रेयस्कर. चुका शक्यतो जुन्या ठिकाणीच दुरुस्त कराव्यात. त्यानंतर प्रत्यक्ष वापराबाहेर तालीम घ्यावी, आणि एकदा नव्हे, तर निकाल समाधानकारक येईपर्यंत.

पडताळणी तीन प्रकारे व्हावी : नोंदींची संख्या जुळवून, रकमांच्या बेरजा जुळवून, आणि काही नोंदी डोळ्यांनी मूळ कागदाशी ताडून. पहिल्या दोन यंत्राने होतात. पण अर्थाची चूक तिसरीतच सापडते. हिशेबासाठी १ एप्रिल हा दिवस सोयीचा, कारण जुन्या वर्षाची अखेरची शिल्लक हीच नव्याची आरंभीची शिल्लक असते. जुना साठा मात्र फेकून देऊ नये. तो केवळ वाचण्यापुरता सुरक्षित ठेवावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या रुग्णाला दहा वर्षांपूर्वीचा अहवालही उपयोगी पडतो.

घाईचे फळ काय असते, याचे उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेने घालून दिले आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने ५० लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीत नेली. माहिती व्यवस्थित पोहोचली; पण प्रणाली लगेच कोलमडू लागली, लोकांना आपलेच पैसे मिळेनात, आणि घडी पूर्ववत बसायला डिसेंबर उजाडला. २०२२ साली नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. माहिती पोहोचणे आणि काम चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा त्यातील धडा. रुग्णालयाला तर कामकाज एक तासही बंद ठेवता येत नाही. म्हणून एकेक विभाग क्रमाने हलवावा, काही काळ जुनी व नवी पद्धत सोबत चालवावी, आणि संगणक बंद पडला तरी छापील केसपेपर हाताशी असावा.

एक विनंती

रुग्ण व त्यांचे आप्तेष्ट यांचे साहाय्य या कामात मोलाचे आहे. नोंदणीच्या खिडकीवर नाव, पूर्वीचे नाव, जन्मवर्ष, चालू औषधे आणि ॲलर्जी यांविषयी पुन्हा विचारणा झाली, तर 'हे तर आधीच सांगितले आहे' असे मनात येणे साहजिक आहे. परंतु तो प्रश्न आपल्या नोंदीतील एक 'माहीत नाही' कायमचे पुसण्यासाठी विचारलेला असतो. जुनी कार्डे व अहवाल घरी असल्यास ते जपून ठेवावेत आणि येताना बरोबर आणावेत. देणगीदारांनीही आपल्या निधीच्या अटीचे पत्र जवळ असल्यास त्याची एक प्रत लेखा विभागाकडे द्यावी.

नव्या प्रणालीसाठी ज्यांनी आर्थिक साहाय्य केले, त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले काम डोळ्यांना दिसणार नाही. एखाद्या रात्री अत्यवस्थ रुग्ण येईल, परिचारिका त्याचे नाव विचारील, आणि त्याला कोणते औषध चालत नाही हे पडद्यावर आधीच लिहिलेले असेल. ते वाक्य तेथे पोहोचावे यासाठीच हा सारा खटाटोप आहे.