जमिनींत अडकलेलें स्फुरद

शेतकऱ्यानें पदरचा पैसा खर्चून स्फुरदाचें खत घालावें आणि तरीही पीक खुजें राहावें, असें पुष्कळ ठिकाणीं घडतें. अशा वेळीं खतास दोष देण्यापूर्वीं, किंवा कर्ज काढून पुढील वर्षीं दुप्पट खत आणण्यापूर्वीं, घातलेलें खत गेलें कोठें ह्याचा विचार करणें अवश्य आहे.

नत्र पाण्याबरोबर वाहून जातें. स्फुरद सहसा जात नाहीं. तें मातीशीं बांधलें जातें. कोंकणांतील जांभ्याच्या आम्ल जमिनींत लोह व ॲल्युमिनियम हीं त्यास धरून ठेवितात. देशावरील चुनखडीच्या काळ्या जमिनींत तेंच काम चुना करितो. म्हणून घातलेल्या स्फुरदापैकीं पहिल्या पिकाच्या वांट्यास बहुधा चौथा हिस्साही येत नाहीं. शिवाय स्फुरद जागचें फारसें हालत नाहीं. मुळालाच त्याच्यापाशीं जावें लागतें.

ह्यावरून उपाय सहज ध्यानांत येतील. पहिला, खत शेतभर फेंकूं नये. जितक्या अधिक मातीचा त्यास स्पर्श होईल, तितकें तें अधिक अडकेल. पेरणीच्या वेळींच दोन चाड्यांच्या पाभरीनें तें बियांच्या बाजूस सुमारें २ इंचांवर व किंचित् खालीं पडेल असें करावें.

दुसरा, तें चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मिसळून द्यावें. शेणखतांतील आम्लें मातीच्या कणांवरील जागा स्वतः व्यापितात, त्यामुळें स्फुरद कांहीं काळ मोकळें राहतें.

तिसरा, जमीन पाहून खत निवडावें. सन १८४२ मध्यें इंग्लंडांत जॉन बेनेट लॉज ह्यांनीं फॉस्फेटावर गंधकाम्लाची क्रिया करून सुपर फॉस्फेट बनविण्याचा हक्क मिळविला. जें काम तेथें गंधकाम्ल करितें, तेंच आम्ल जमीन हळूहळू करिते. म्हणून कोंकणांतील फळझाडांस दळलेलें खनिज फॉस्फेट उपयोगी पडतें. चुनखडीच्या जमिनींत मात्र तें विरघळत नाहीं. तेथें सुपर फॉस्फेटच घ्यावें.

चौथा, बियांस स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंचें खत चोळावें. त्याचें साहाय्य होतें. पण तें इतर खताची जागा घेऊं शकत नाहीं.

जेथें वर्षानुवर्षें हें खत पडत आलें आहे, तेथें जमिनींत मोठा सांठाही असूं शकेल. ह्यास्तव आमची वाचकांस विनंती आहे कीं, आधीं मातीची परीक्षा करवावी. नंतर एका पट्ट्यांत खत फेंकून व शेजारच्या पट्ट्यांत तितकेंच खत पाभरीनें देऊन दोहोंची रास निराळी मोजावी. ज्याच्या घरीं पैसा थोडा, त्यास ही तुलना दुप्पट खताहून अधिक लाभाची होईल.